एअर रायफलची जुळवणी: छर्रे एका भोकात कसे पाडायचे आणि स्लगचा नाद कधी करायचा

ग्रुप, म्हणजे सलग फैरींच्या भोकांचा पुंजका, फाटायला लागला की हात आधी जातो तो हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या रेग्युलेटरच्या स्क्रूकडे. नेमका तोच शेवटी हलवायचा असतो. आधी स्क्रू आणि नळी, मग छर्रा, मग हवा, असा क्रम ठेवा. खालचं काम कच्चं असेल तर वर केलेला बदल आज बरा दिसतो, उद्या तोच वाईट दिसतो आणि माणूस गरागरा फिरत राहतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ती वहीत लिहायची. वही नसेल तर रायफल उघडूच नका.

इथे समोर धरली आहे ती 4.5 मिमी नळीची, रेग्युलेटर असलेली पीसीपी, म्हणजे सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल. 10 मीटरची मॅच (स्पर्धेची) रायफलही त्याच घराण्यातली, फक्त तिचा वेग बराच कमी. भारतात 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे नळी 4.5 मिमीपेक्षा मोठी किंवा ऊर्जा 20 ज्यूलपेक्षा जास्त असेल तर परवाना लागतो. ट्यूनिंग करताना ही रेषा नकळत ओलांडली जाते, म्हणून हिशोब आधीच करून ठेवावा. छर्र्याचं वजन किलोग्रॅममध्ये घ्या, त्याला मीटर प्रति सेकंद वेगाच्या वर्गाने गुणा आणि निम्मं करा. 0.547 ग्रॅमचा, म्हणजे 8.44 ग्रेनचा छर्रा 270 मीटर प्रति सेकंदाने गेला की 19.9 ज्यूल झाले. 0.670 ग्रॅमचा जड छर्रा घेतला तर 244 ला थांबावं लागतं. हा हिशोब पुढे स्लगच्या, म्हणजे गोळीसारख्या भरीव तुकड्याच्या, वेळी पुन्हा लागणार आहे.

सामान, आणि हवेची भीती

क्रोनोग्राफ (छर्र्याचा वेग मोजणारं यंत्र) हवाच. त्याच्याशिवाय केलेली जुळवणी म्हणजे अंधारात दोरा ओवणं. जोडीला 0.001 ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, डिजिटल कॅलिपर, चांगल्या पोलादाच्या एलन-की, जमलं तर छोटा टॉर्क रेंच, दहापट मोठं दाखवणारं घड्याळजीचं भिंग आणि टेबलावर ठेवायला वाळूच्या दोन पिशव्या. जुन्या जीन्सचा पाय कापून दोन्ही तोंडं शिवली आणि आत कोरडी वाळू भरली की मागची पिशवी तयार.

सिलिंडरवर छापलेल्या कमाल दाबाच्या वर एक बारसुद्धा भरायचा नाही. सिलिंडरवरची मुदतही पाहा. मॅच रायफलच्या सिलिंडरची ती साधारण 10 वर्षांची असते आणि ती संपलेली नाही ना हे पाहण्याची जबाबदारी स्पर्धेत नेमबाजाचीच असते. काहीही उघडण्याआधी हवा पूर्ण सोडायची. दाबमापक शून्य दाखवतो म्हणजे आत हवा नाही, असं समजू नका. रेग्युलेटर आणि व्हॉल्व्हच्या मधल्या पोकळीत हवा अडकून राहते. निर्मात्याने ती सोडायचा स्क्रू दिला असेल तर तो वापरा, नसेल तर सुरक्षित दिशेला रिकाम्या झाडा, आवाज पूर्ण बंद होईपर्यंत. ओ-रिंगला फक्त शुद्ध सिलिकॉन ग्रीस. शिवणयंत्राचं तेल, थ्री-इन-वन, डब्ल्यूडी-40 यांतलं काहीही उच्च दाबाच्या हवेच्या वाटेवर जाता कामा नये. तेलाची वाफ आणि 200 बारची हवा एकत्र आली की स्फोट होऊ शकतो.

हातपंपाने भरणाऱ्यांसाठी पावसाळ्यातली एक गोष्ट. मुंबईत किंवा कोकणात जुलैची हवा 200 बारला दाबली की तिच्यातलं जवळपास सगळं बाष्प पाणी होऊन बाहेर पडतं. ते सिलिंडरमध्ये गेलं तर रेग्युलेटरच्या वायसरांवर गंज चढतो, आणि वेग का नाचतोय हे कळायला सहा महिने जातात. दर 50-60 दट्ट्यांनंतर पंपाची हवा सोडून पाणी काढून टाका. बाष्प शोषणाऱ्या दाण्यांचा रंग उडाला की दाणे बदला. आणि भरताना घाई नको. झपाट्याने भरलेली हवा तापते, काटा 200 दाखवतो आणि चहा होईपर्यंत 190 वर येतो. चाचणी त्यानंतरच.

स्क्रू, नळी आणि नळीचं तोंड

बट आणि अ‍ॅक्शन (नळी आणि व्हॉल्व्ह धरणारा धातूचा गाभा) जोडणारे स्क्रू, दुर्बिणीच्या माउंटचे स्क्रू आणि नळी धरून ठेवणारे बारके ग्रब स्क्रू, या तिन्ही ठिकाणांपैकी एक जरी सैल असलं तरी पुढचं काहीही मोजण्यात अर्थ नाही. टॉर्कचा आकडा मॅन्युअलमधून घ्यावा. मॅन्युअल नसेल तर लाकडी बटला आणि दुर्बिणीच्या रिंगांना साधारण 2 न्यूटन-मीटर पुरतात. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं, म्हणून मार्चमध्ये आवळलेला स्क्रू जुलैत पुन्हा तपासायचा. किती आवळला यापेक्षा दर वेळी तितकाच आवळला जातो हे महत्त्वाचं.

नळी कुठे टेकते ते पाहायला कागदाची पट्टी घ्या आणि नळी व सिलिंडर यांच्या मधून सरकवा. अडली तर तिथे संपर्क आहे. सिलिंडर भरला की थोडा ताणला जातो, रिकामा होत गेला की पूर्ववत होतो. नळी एखाद्या कड्याने त्याला घट्ट बांधलेली असेल तर तोही तिला किंचित ओढतो, आणि ग्रुप 200 बारला एका जागी, 130 बारला दुसऱ्या जागी पडतो. अशा रायफलीला दोष रेग्युलेटरचा दिला जातो आणि तो बिचारा निर्दोष असतो. कड्याला नळीभोवती केसभर मोकळीक दिली की बहुतेक वेळा काम होतं.

आता नळीचं तोंड. कानात घालायची कापसाची काडी घ्या, हवा सोडलेल्या रायफलच्या नळीत टोकापर्यंत घाला आणि हळूहळू बाहेर ओढत कडेवर चारही बाजूंनी फिरवा. कापसाचा तंतू कुठे अडकून राहिला तर तिथे बुर आहे. भिंगातून पाहिलं तर बारीक चकाकणारा दात दिसतो. छर्र्याचा मागचा घेर नळीतून बाहेर पडतो त्या क्षणी मागची हवा सगळीकडून एकदम सुटायला हवी. दात असलेल्या बाजूने ती आधी किंवा नंतर सुटते आणि छर्र्याला शेपटीकडून टपली बसते. हलका बुर गोल डोक्याच्या पितळी स्क्रूला बारीक घासपेस्ट लावून, हाताच्या ड्रिलने, स्क्रू सतत इकडेतिकडे डोलवत निघतो. आत कापसाचा बोळा घालून ठेवा, म्हणजे पेस्ट खाली उतरणार नाही. खोल खड्डा असेल तर लेथवाल्याकडेच जा.

पुढे लावलेला एअर स्ट्रिपर (छर्र्यामागची हवा बाजूला वळवणारा तुकडा) किंवा आवरण नळीशी सरळ रेषेत नसेल तर छर्रा त्याला चाटून जातो. आतल्या कडेला शिशाची राखाडी रेघ दिसली की समजायचं. काढून पाच फैरी झाडून पाहा, उत्तर लगेच मिळतं.

नळी साफ करायची ती नेहमी मागून पुढे, ओढायच्या दोरीने किंवा फेल्टच्या बोळ्यांनी, कोरडी. बंदुकीच्या नळीसाठी मिळणारे अमोनियाचे द्रव इथे नकोत. इथे तांबं चढतच नाही आणि ओ-रिंग मात्र खराब होतात. साफ केल्यावर पहिल्या 20 ते 50 फैरी मोजू नका. शिशाचा पातळ थर पुन्हा बसेपर्यंत ग्रुप इकडेतिकडे जातो. दर रविवारी नळी घासणाऱ्याचा ग्रुप दर रविवारी फाटतो. साफसफाई कधी? ग्रुप बिघडेल तेव्हा, किंवा छर्र्याचा प्रकार बदलाल तेव्हा.

छर्रा: अर्धी जुळवणी इथेच होते

डायबोलो छर्र्याचं डोकं नळीच्या आट्यांवरून (आतल्या पिळाच्या खाचांवरून) सरकतं, कंबर बारीक असते आणि मागचा घेर हवेच्या दाबाने फुलून नळी बंद करतो. उडताना त्याला सरळ ठेवतो तो मुख्यतः मागच्या घेरावरचा हवेचा विरोध, बॅडमिंटनच्या फुलासारखा. पीळ मदतीला असतो. यातून दोन गोष्टी निघतात. डोकं नळीत नेमकं बसलं पाहिजे, आणि मागचा घेर तंतोतंत गोल पाहिजे.

डब्यावर 4.49, 4.50, 4.51, 4.52 असं जे छापलेलं असतं तो डोक्याचा व्यास. कुठला घ्यायचा ते नळी सांगते. हवा सोडा, बोल्ट (छर्रा आत ढकलणारा दांडा) उघडा किंवा काढून ठेवा, छर्रा बोटाने बसवा आणि लाकडी किंवा नायलॉनच्या काडीने मागून हळू ढकला. सुरुवातीला स्पष्ट अडथळा, मग सारखी, लोण्यासारखी चाल, आणि नळी चोक, म्हणजे तोंडाशी किंचित आवळलेली, असेल तर शेवटच्या काही सेंटिमीटरमध्ये पुन्हा थोडा जोर, अशी चाल हवी. मध्येच सैल पडला तर तिथे नळी रुंद आहे. पलीकडे कापडावर पडलेला छर्रा भिंगाखाली धरा. डोक्यावर आट्यांच्या बारीक रेघा पूर्ण गोलात, सारख्या खोलीच्या दिसल्या पाहिजेत. एकाच बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला पुसट असतील तर छर्रा वाकडा शिरतो आहे. डोक्यावर रेघाच नसतील तर एक आकडा मोठं डोकं घ्या. मागच्या घेरावर एखादा ओरखडा दर वेळी त्याच जागी येत असेल तर हवा नळीत शिरते त्या भोकाची कड छर्र्याला कापते आहे, आणि ती कड गोल करून घ्यावी लागते.

चाचणीची पद्धत नीट असावी. निदान चार प्रकार घ्या: दोन वजनं, प्रत्येकात दोन डोकी. हलका साधारण 0.53 ते 0.55 ग्रॅम, जड 0.67 च्या आसपास. प्रत्येक प्रकाराच्या आधी 15-20 फैरी नळीला सवय व्हायला. मग पाच-पाच फैरींचे पाच ग्रुप, वेगवेगळ्या बिंदूंवर. तीन फैरींचा ग्रुप मनाचं समाधान करतो, माहिती काही देत नाही. कुठलीही रायफल कधीतरी तीन छर्रे एका भोकात टाकतेच. बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजा आणि 4.5 मिमी वजा करा, की मध्य ते मध्य अंतर मिळतं. सगळ्यात लहान ग्रुप कुणाचा हे पाहू नका, सगळ्यात मोठा ग्रुप कुणाचा छोटा आहे ते पाहा.

अंतरही विचार करून निवडा. 10 मीटरवर जवळजवळ सगळे छर्रे गुणी वाटतात. 25 मीटरवर फरक दिसायला लागतो आणि 50 वर लबाडी उघडी पडते. उघड्या जागी करायचं असेल तर पहाटे, पान हलत नाही तेव्हा.

मॅच रायफलवाल्यांचं गणित वेगळं आहे. तिथे कार्डावर दहाचा ठिपका फक्त 0.5 मिमी व्यासाचा, आणि गुणांचा प्रत्येक दशांश म्हणजे मध्यापासून 0.25 मिमी. 10.9 मिळवायचे तर छर्र्याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून 0.25 मिमीच्या आत पडला पाहिजे. म्हणून बॅच टेस्टिंग. रायफल बटातून काढून लोखंडी शिकंजात पकडतात आणि एकेका लॉटच्या दहा-दहा फैरी झाडतात. एकाच कंपनीचा, एकाच डोक्याचा छर्रा लॉट बदलला की वेगळा वागतो, कारण साचे झिजतात आणि बदलतात. चांगला लॉट सापडला की 500 च्या जितक्या डब्या परवडतील तितक्या त्याच लॉटच्या उचला. रोज 100 फैरींचा सराव असेल तर एक डबी पाच दिवसांची, मग वर्षाचा हिशोब ज्याचा त्याने करावा. क्लबात तिघेचौघे मिळून घेतात तेव्हा एक पेच येतो: एकाच्या नळीला आवडलेला लॉट दुसऱ्याच्या नळीला आवडतोच असं नाही.

वजन करून निवडणं मॅचच्या चांगल्या छर्र्यांत फारसं काही देत नाही. स्वस्त छर्र्यांत मात्र देतं. पन्नास तोलून पाहा. हलका आणि जड यांत 0.02 ग्रॅमपेक्षा जास्त फरक असेल तर 0.005 ग्रॅमच्या टप्प्यांनी वेगळे करा. त्याहून जास्त फायदा मागचा घेर पाहण्यात आहे. डबी पडली, पिशवीत खडखडली, की घेर चेपतात. पांढऱ्या ताटलीत छर्रे घेर वर करून उभे करा आणि खिडकीच्या उजेडात आडवी नजर टाका; चेपलेला लगेच ओळखू येतो. ते सरावाला ठेवा. आणि शिसं हाताळलं की साबणाने हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही.

हवा: हॅमर आणि रेग्युलेटर

छर्रा ठरला, आता त्याला कुठल्या वेगाने पाठवायचं ते ठरवू. डायबोलोला साधारण 290 मीटर प्रति सेकंदाच्या वर ढकलू नये, आवाजाच्या वेगाजवळ तो डगमगतो. वर दिलेल्या वजनांच्या छर्र्यांत परवान्याशिवायच्या मर्यादेत ती वेळ येतच नाही. मॅच रायफलीत 0.53 ग्रॅमचा छर्रा 170 ते 175 ने जातो, ऊर्जा पावणेआठ ज्यूलच्या आसपास, आणि तिथे वेग वाढवण्याचा मोह धरणं म्हणजे बटाला उगाच हिसका देणं.

रेग्युलेटर मागे व्हॉल्व्हला दर वेळी सारख्या दाबाची हवा देतो. हॅमर व्हॉल्व्हवर आपटून तो किती वेळ उघडा राहील ते ठरवतो. या दोघांचं जमलं पाहिजे. रेग्युलेटर आहे तिथेच राहू द्या आणि हॅमरच्या स्प्रिंगचा ताण अगदी कमी करा. तीन फैरी, सरासरी वेग लिहा. पाव फेरा आवळा, पुन्हा तीन फैरी. असं करत जा. उदाहरणादाखल आकडे असे दिसतील: 241, 252, 260, 266, 269, 270, 270. शेवटी वेग वाढायचा थांबला. त्यापुढे आवळलं तर व्हॉल्व्ह छर्रा नळीबाहेर पडल्यावरही उघडा राहतो, हवा वाया जाते, आवाज वाढतो, हॅमर उसळून दुसऱ्यांदा आपटतो.

जुळवणीची जागा त्या सपाट भागावर नसते, त्याच्या थोडी अलीकडे असते: कमाल वेगाच्या 3 ते 4 टक्के खाली. इथे 270 वरून 260-262 वर. ऊर्जा होते साधारण 18.5 ते 18.8 ज्यूल, म्हणजे मर्यादेपासूनही अंतर राहतं. फार खाली, चढावर मात्र राहू नका. तिथे हॅमरच्या फटक्यात जरा फरक पडला की वेग धावतो.

सपाट भागच हव्या त्या वेगाच्या खाली आला तर रेग्युलेटर 5 बारने वाढवा. फार वर आला तर 5 बारने कमी करा आणि हॅमरचं सगळं पुन्हा पहिल्यापासून करा. रेग्युलेटर कमी करताना आधी हवा सोडावी लागते, नाहीतर स्क्रू फिरतो पण आत काही बदलत नाही, आणि बळ लावलं तर सीट (हवा अडवणारी बैठक) खराब होते. नवा दाब बसायला 10-15 फैरी जातात.

आता पूर्ण भरलेल्या सिलिंडरपासून सलग झाडा आणि प्रत्येक वेग लिहा. 20 फैरींत सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात मंद यांतला फरक 4-5 मीटर प्रति सेकंदाच्या आत असला तर उत्तम. याचा कागदावर अर्थ काय? 262 ने निघालेला हा छर्रा 50 मीटरवर 22-23 सेंटिमीटर खाली येतो. वेगात 5 चा फरक पडला तर उंचीत 8-9 मिमीचा. मॅच रायफलीत 10 मीटरवर तोच 5 चा फरक जेमतेम 1 मिमीचा, पण 1 मिमी म्हणजे चार दशांश, आणि अंतिम फेरीत चार दशांशांनी माणूस बाहेर बसतो.

सिलिंडरचा दाब रेग्युलेटरच्या दाबाखाली गेला की वेग हळूहळू घसरायला लागतो. किती फैरींनंतर हे होतं तो आकडा वहीत ठळक लिहा आणि त्याच्या पाच फैरी आधीच थांबत जा. बिनरेग्युलेटरच्या रायफलीत वेग आधी चढतो, मग सपाट होतो, मग उतरतो. तिथे मधला सपाट तुकडा शोधायचा आणि तेवढ्याच दाबापर्यंत भरायचं, छापील कमालपर्यंत नाही.

एक खोड नेहमी दिसते: रायफल पंधरा मिनिटं ठेवून उचलली की पहिली फैर 268, मग सगळ्या 262. रेग्युलेटर पूर्ण बंद होत नाही, दाब हळूहळू चढतो. कारण बहुतेक वेळा सीटवर बसलेला धुळीचा कण किंवा थकलेली ओ-रिंग. साफ करून ओ-रिंग बदलल्या तरी राहिलं तर बशीच्या आकाराचे वायसर बदलावे लागतात. ते एकाआड एक उलटसुलट कसे रचले होते त्याचा फोटो काढल्याशिवाय बाहेर काढू नका.

स्लग

स्लग म्हणजे कंबर नसलेला, गोळीसारखा भरीव तुकडा, पुढे बहुधा खड्डा असलेला. त्याला मागून सावरणारा घेर नाही, तो सरळ राहतो फक्त पिळामुळे. मोबदल्यात हवा त्याला कमी अडवते. 2 मीटर प्रति सेकंदाची आडवी झुळूक, म्हणजे पिंपळाची पानं सळसळतील इतकीच, हलक्या छर्र्याला 50 मीटरवर 5 सेंटिमीटर ढकलते. चांगला स्लग साधारण निम्मा सरकतो. एवढ्यावरच सगळे भाळतात.

पण 20 ज्यूलमध्ये स्लग कोंडीत सापडतो. बाजारातले 4.5 मिमीचे स्लग बहुतेक 0.65 ग्रॅमच्या पुढचे. 0.65 ला 248 मीटर प्रति सेकंद, 0.80 ला 223, यापुढे जाता येत नाही. स्लगला आवडतो 275 ते 300 चा वेग. वेग कमी म्हणजे फिरणंही कमी: लोथार वाल्थरच्या एअर रायफल नळ्यांत सुमारे 450 मिमीत एक फेरा असतो, म्हणजे 270 ने निघालेला छर्रा सेकंदाला 600 फेरे घेतो आणि 223 ने निघालेला स्लग 500 च्याही खाली. त्यातून तो लांब असेल तर पीळ पुरत नाही. म्हणून स्पष्ट मत: परवान्याशिवायच्या 4.5 मिमी रायफलीत 50 मीटरपर्यंत छर्राच घ्या. ज्यांच्याकडे परवाना, 5.5 मिमी नळी, जलद पिळाचा लायनर (नळीत बसवायची आतली नळी) आणि 75-100 मीटरची बंदिस्त रेंज आहे, त्यांना स्लगचा खरा उपयोग.

तरी करून पाहायचं असेल तर आखूड स्लग निवडा. पिळाला वजनाचं ओझं नसतं, लांबीचं असतं. व्यास नळीच्या आट्यांच्या खोल भागाइतका किंवा केसभर जास्त. आधी सांगितलेली ढकलून पाहायची युक्ती इथेही चालते, फक्त स्लगचं पूर्ण अंग नळीला टेकतं म्हणून जोर जास्त लागतो. घट्ट चोकच्या नळीत स्लगचं पूर्ण अंग शेवटच्या टप्प्यात आवळलं जातं, आणि चोकपुरता बारीक स्लग घेतला तर तो उरलेल्या नळीत सैल पडतो. छर्र्याला उपकारक असलेला चोक स्लगला अनेकदा मारक ठरतो तो असा. बोल्टच्या टोकाने स्लग हवेच्या भोकाच्या पूर्ण पुढे गेला पाहिजे. 1 मिमी मागे राहिला तरी हवा बाजूने आदळते. मॅगझिनची लांबीही मोजून घ्या, नाहीतर स्लग अर्धा बाहेर राहून ड्रम अडकतो.

स्लगसाठी हॅमर थोडा जास्त लागतो, कारण तो नळीत जास्त वेळ असतो आणि व्हॉल्व्हही तितका वेळ उघडा लागतो. म्हणजेच छर्र्याची जुळवणी आणि स्लगची जुळवणी एकाच स्क्रूवर राहत नाही. दोन्हीसाठी एकच सेटिंग शोधणाऱ्याला दोन्हीकडे मध्यम फळ मिळतं. शिसंही लवकर चढतं, 150-200 फैरींनी नळी पाहावी. आणि मागचा बांध पक्का हवा. छर्रा पोलादावर चपटा होतो, स्लग तुकड्यांनी बाजूला उडतो. पोलादी पत्रा खाली झुकलेला, पुढे रबरी चुरा किंवा ओली चिकणमाती, डोळ्यांवर चष्मा. कागद आणि पोलाद एवढीच लक्ष्यं. पक्ष्यांच्या बाबतीत 1972 चा वन्यजीव कायदा आहे.

दुर्बीण, ट्रिगर, आणि कागद वाचणं

बंदुकीसाठीच्या बऱ्याच दुर्बिणींचा पॅरालॅक्स 100 यार्डाला बसवलेला असतो. 10 किंवा 25 मीटरवर डोकं जरा हललं की क्रॉस लक्ष्यावरून सरकतो. अंतर जुळवता येणारी दुर्बीण घ्या आणि रायफल पिशवीवर स्थिर ठेवून, हात न लावता डोकं वरखाली करून पाहा; क्रॉस हलला नाही की झालं. रायफल एका बाजूला कलली तर 50 मीटरवर 5 अंशांत साधारण 2 सेंटिमीटर चूक होते, 10 मीटरच्या मॅच वेगात दीड मिमी. थोडी कललेली पण रोज तितकीच असेल तर चालतं. कल बदलत राहिला तर बबल लेव्हल लावा.

ट्रिगरमध्ये दोन टप्पे स्पष्ट वाटले पाहिजेत. वजन कितीही हलकं करा, पण करून झालं की रायफल रिकामी, कॉक केलेली, आणि बटावर तळहाताने चार चापट्या. सुटली तर आवळा. सिअर (हॅमर अडकवून ठेवणारा तुकडा) कानशीने घासून हलकं करण्याचे उद्योग करू नयेत.

स्प्रिंगच्या रायफलवाल्यांनी वरचं हवेचं प्रकरण सोडून द्यावं. तिथे बटाचे स्क्रू, ब्रीचचं सील आणि पकड एवढंच. पिस्टन पुढे-मागे असा दोनदा हिसका देतो, म्हणून पुढचा हात उघडा, सैल आणि दर वेळी त्याच जागी. घट्ट आवळून धरली की ग्रुप फुटतो.

आता कागद. उभा लांबट ग्रुप म्हणजे वेगाचा दोष, क्रोनो लावा. आडवा लांबट म्हणजे वारा, कल किंवा ट्रिगरवरचं बोट. दोन वेगळे पुंजके पडत असतील तर काहीतरी दोन जागी बसतंय: सैल स्क्रू, दुर्बिणीचं आतलं भिंग, किंवा मॅगझिनची एक खाच. फैरी क्रमाने एका दिशेला सरकत असतील तर सिलिंडर नळीला ओढतोय किंवा दाब संपतोय. चार एकत्र आणि पाचवा लांब असं वारंवार होत असेल तर चेपलेला घेर शोधा. भोक लांबट, अंड्यासारखं असेल तर तो छर्रा किंवा स्लग तिरपा उडतोय. स्लगच्या बाबतीत तो स्लग त्या नळीसाठी बाद, ट्यूनिंगने तो सुधारत नाही. आणि जवळ घट्ट, लांब अचानक विस्कटलेला ग्रुप असेल तर एकदा वेग 10 मीटर प्रति सेकंदाने कमी करून पाहा.

जुळलं की प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून बाजूच्या धातूवर नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढून ठेवा. पुढच्या वेळी ग्रुप फाटला की आधी ती रेघ तुटली आहे का तेवढंच पाहायचं. डबीच्या तळाचा लॉट नंबर, डोक्याचा व्यास, रेग्युलेटरचे बार, हॅमरचे फेरे आणि त्या दिवशीचं तापमान वहीच्या एकाच पानावर लिहा.